पाठीची चेन कोण लावणार?

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच घरात एका सूटमध्ये अडकले.

पुढच्या आठवड्यात मी अंदमानला स्कूबा डायव्हिंगला निघाले आहे. समुद्र कोमट असला तरी तासाभरात अंग गारठतं, तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट घ्या, हे तुम्हीच या ग्रुपवर सांगितलंत. तो मुंबईहून मागवला आणि चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, कूलरसमोर उभी राहून अंगावर चढवला. शहाणपणाची कमाल!

चेन पाठीला. ओढायला लांब दोरी असते, पण माझा खांदा आखडलेला. चेन मध्येच अडली आणि घामाने सूट अंगाला चिकटला. शेवटी खिडकीतून शेजारच्या रेहानाबाईंना हाक मारली.

त्या हसून हसून खालीच बसल्या. "मॅडम, समुद्रात जाऊन राह्यल्या का चंद्रावर? आन् तिथी चेन कोण लावंल? सोबत कोण हाय?"

"कोणी नाही."

मग त्यांनी सूट सोलून काढला आणि टॉवेलने माझी पाठ पुसून दिली. पाठीला कोणाचा हात लागून किती वर्षं झाली, याचा विचार मी टाळला.

चेन लावायला प्रत्येकीजवळ माणूस असतंच, असं धरून हे सूट शिवतात का?

समोर चेन असलेला सूट कुणी वापरलाय? त्यात पाणी फार शिरतं का? दुकानदार बदलून देईल म्हणतो. 'मुलाला सोबत न्या' असं मात्र कृपा करून लिहू नका. त्याला विचारून झालंय.