फोनात उरलेले बाबा

आमच्याकडे दहाव्यानंतर मेलेल्या माणसाची वापरातली वस्तू घरात ठेवत नाहीत. ठेवली तर तो माघारी येतो म्हणतात. बाबांचे कपडे, चपला, दाढीचं सामान सगळं गेलं. आत्या म्हणाली, "अन् फोनातले फोटो?" मी शिकलेली, शहाणी, हसून सोडायला हवं होतं. पण आई दिवसभर ते फोटो बघत रडायची. म्हणून तिला न विचारता मी तिच्या फोनातून बाबा पुसले, कचरापेटीही रिकामी केली. ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते, हे मागाहून कळलं.

आठवड्याने पुन्हा आईकडे आसगावला गेले, तर भरदुपारी आई म्हणाली, "तुये बाबा अजून दिसून राहिले फोनात. काल सहा होते, आज चार."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला याचाच राग आला. फोन ओढून पाहिलं. गॅलरीत नखाएवढे चार चौकोन. एकात बाबा तलावात, कमरेइतक्या पाण्यात, जाळं धरून उभे. बोट लावलं की पडदा काळा. मागे आलं की पुन्हा तिथेच उभे.

मी तिला समजावलं. फोटो पटकन दिसावा म्हणून फोन त्याची बारकी नक्कल बाजूला ठेवतो, तिला कॅश म्हणतात. मूळ गेलं तरी नक्कल काही दिवस राहते. जागा कमी पडली की फोन आपल्याआपणच एकेक टाकून देतो. माझं बोलणं संपेपर्यंत चाराचे तीन झाले होते.

घाईघाईने माझ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढला. मोठा केला तर डोळ्यांच्या जागी दोन राखाडी ठिपके, तोंड नाहीच. तो मी ठेवू शकले नाही.

आईचा फोन गच्च भरला होता, मेसेजही येत नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन 'कॅश साफ करा'वर थांबले. "हे दाबलं की उरलेलेही जातील. दाबू का?"

"तवा विचारलं नाही, आता काहून विचारून राहिली?" आवाज चढवला नाही तिने. फोन माझ्या हातून घेतला. "किती दिवस पाण्यात उभे ठेवू त्याइले?" आणि तिनेच दाबलं.

फोन चार्जिंगला लावून ती भात टाकायला उठली. मला रडू फुटलं, आणि ते बाबांसाठी नव्हतं. त्यांना निरोप द्यायचा पहिला हक्क तिचा होता. मी तो निरोप तिच्या पाठीमागे उरकून टाकला होता.