कोरडा गुडघा

ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे तिथला कारभारी, निवृत्त झाला की त्याला बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळते आणि मत विचारणं बंद होतं. मला दोन्ही मिळून दोन वर्षं झाली. त्याआधी चाळीस वर्षं मी नागभीडकडच्या आमच्या छोट्या मंडळीत पाळकाच्या खालोखालचा माणूस होतो. चटया अंथरण्यापासून नवराबायकोची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं केलं, पण माझा खरा दरारा असायचा बाप्तिस्म्याच्या दिवशी.

आमच्याकडे डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. त्यासाठी गावामागची बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी मिळावं म्हणून खोदलेलं लहानसं तळं. पाळक माणसाला बुडवायचे आणि मी शेजारी कमरेभर पाण्यात उभा राहून बघायचो, काही बाहेर तर राहिलं नाही ना. राहिलं तर हात वर करून ओरडायचो, "पुन्हा!" एका शिक्षकाला पायाच्या अंगठ्यापायी तीनदा बुडवलं. एका बाईच्या साडीत हवा भरली, तिला दोघींनी दाबून धरलं. पाळक म्हणायचे, "अहो, आत्म्याचं तारण कृपेनं होतं, मापानं नाही." मी म्हणायचो, "कृपेचं तुम्ही बघा, मापाचं मी बघतो." आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण माझाच उजवा गुडघा बाहेर राहिला होता.

मी विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तो भर मे महिन्यात. बोडी आटून चिखलावर वीतदीड वीत पाणी उरलेलं. मी ताडमाड उंच. बुडवायला आलेल्या पाहुण्या पाळकांना नागभीडची एसटी गाठायची होती. त्यांनी घाईघाईत मला आडवं केलं, तेव्हा डोकं गाळात आणि गुडघा उन्हात. त्या उन्हाचा चटका मला पाण्याखालून कळला. वर आलो तर काठावर गाणं सुरू झालेलं. तोंडात चिखल होता म्हणून बोललो नाही. पुढे पन्नास वर्षं तोंडात चिखल नव्हता, तरी बोललो नाही.

धास्ती मात्र कायम होती. शेवटच्या दिवशी मी सगळा आत आणि गुडघा तेवढा स्वर्गाच्या फाटकाबाहेर, असं काहीतरी डोळ्यांपुढे यायचं. बहुतेक त्या भीतीपोटीच मी दुसऱ्यांचे अंगठे तपासत बसलो. बायकोलाही सोडलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिचा बाप्तिस्मा झाला. मला मंडळीचा वडील होऊन महिनाही झाला नव्हता. तिच्या वेणीचं टोक पाण्यावर तरंगलं, आणि मी सगळ्या मंडळीसमोर हात वर केला. तिला महिनाभर खोकला होता.

यंदा नाताळाच्या आठवड्यात बाप्तिस्मा होता. मी काठावर खुर्चीत, बायको शेजारी चटईवर. पाण्यात उतरला राईस मिलवर पोती उचलणारा एक गडी. पोट असं, की पाळकांनी त्याला तीनदा आडवं केलं तरी ते पालथ्या परातीसारखं वरच. माझ्या जागी आलेला नवा वडील माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं हात अर्धा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. गड्याचे दात कडकड वाजत होते. तो रडवेल्या तोंडानं म्हणाला, "नाई झाला का जी माहा?"

मला काय झालं कोण जाणे. मी खुर्चीतूनच ओरडलो, "झाला! झाला! गाणं म्हणा!"

गाणं सुरू झालं. बायकोनं माझ्याकडे मान वळवली.

"आज काऊन सोडलं?"

"पोट होतं ते. बुडणार नव्हतं."

"माही वेणी बुडत होती का मंग?"

 मग मी गुडघ्याचं सांगून टाकलं. मे महिना, चिखल, एसटी, सगळं.

"चाळीस वर्षं लपवून राह्यले?" ती म्हणाली.

"पन्नास," मी म्हणालो. सवयच लागलीय बरोबर मोजायची.

ती हसेल असं वाटलं होतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुमी परत पाण्यात पाठवलं ना, तेव्हा मले वाटलं, देवालेच मी पसंत नाई पडली. लय दिवस वाटे."

मला एकदम रडू आलं. चाळीस वर्षं प्रार्थनेत मी कृपा कृपा म्हणत आलो, आणि घरातल्याच माणसाला तिचा थेंब दिला नव्हता. "चुकलो. माफ कर," मी म्हणालो.

"करीन. आधी उठा."

मंडळी जेवायला निघून गेली होती. तिनं मला बखोट धरून काठाच्या कपडे धुण्याच्या दगडावर बसवलं आणि पँट वर केली.

"अगं, बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नसतो. शास्त्रात—"

"शास्त्र राहू द्या. मी गुडघा धुवून राह्यली."

तिनं दोन्ही हातांनी गुडघा पाण्यात दाबला. थंडी थेट मस्तकात गेली. संधिवातानं वाकत नाही तो, त्यामुळे वाटीचा वरचा भाग बाहेरच राहिला. तिनं ओला हात वर केला.

"दिसून राह्यला. पुन्हा!"

मी दगडावरून आणखी खाली सरकलो. पँट भिजली, बूड गारठलं. आता गुडघा पुरता आत गेला. पाणी त्याच्यावर चांगलं चार बोटं होतं, मी स्वतः वाकून पाहिलं.

"पुन्हा!" ती म्हणाली.

मी पुन्हा घातला.