बाळंत खडकाचा एक दगड

"माझ्या पलंगावर, आई! माझ्या स्वतःच्या पलंगावर!" अदेलिनोने तो दगड सूपच्या भांड्याशेजारी ठेवला. एवढा संतापलेला होता तरी आपटला नाही, अलगद ठेवला. "दिवसभर घसा कोरडा करून लोकांना सांगतो, हात लावू नका, खिशात घालू नका. आणि घरी येऊन त्याच्यावरच डोकं ठेवून झोपतो!"

"सेलियाच्या उशीखाली होता तो," ओतीलियावहिनी मक्याचा पाव कापत म्हणाली. "तू झोपेत म्हशीसारखा तिच्या अंगावर लोळतोस, त्याला मी काय करू?"

मला हसू आलं.

"हसू नकोस आत्या. नोकरी जाईल माझी."

"दगड तुझ्या जन्माच्या आधीपासून या घरात आहे," वहिनी म्हणाली. "तुझी नोकरी कालची."

"मग इतकी वर्षं होता तिथेच ठेवायचा होतास. पिठाच्या डब्यात."

"तिथे ठेवला म्हणूनच हे होतंय."

ती हे बोलली आणि मी दाराकडे बघितलं, कारण पलीकडच्या खोलीत सेलिया पडून होती. दार नुसतं लोटलेलं. माझी भाचेसून हॉस्पिटलातून नुकतीच घरी आली होती, आणि या वेळेसही रिकाम्या हाताने.

आमच्या कास्तान्येरा गावात हा खडक सगळ्यांचाच. जुन्या बायका त्याला बाळंत खडक म्हणायच्या. त्याच्या पोटात काळ्या अभ्रकाने मढलेले, बदामासारखे चपटे दगड असतात. पाऊस, बर्फ, ऊन खाऊन खाऊन खडक झिजतो आणि एखाद्या दिवशी त्यातून एक दगड सुटतो. मागे काळा, चकाकता खळगा राहतो. मूल हवं असलेल्या बाईने असा दगड उशीखाली ठेवायचा. आमच्या आईचा त्यावर एक नियम होता: मुलाचं बारसं चर्चमध्ये झालं की आईने स्वतः जायचं, एक अक्षर न बोलता तो दगड त्याच्याच खळग्यात ठेवून यायचं. उसनं घेतलेलं पोर, उसनं परत.

वहिनी या घरात आली तेव्हा तिच्या हातात हा दगड आईनेच दिला, त्याचा खळगाही दाखवला. माझा भाऊ तेव्हा फ्रान्समध्ये गवंडीकाम करायचा, वर्षातून ऑगस्ट महिना तेवढा घरी. त्या एका महिन्यात पोर राहायचं कसं, यावर गावातले बापे मिशीत हसायचे. वहिनी डोंगरावर गुरं न्यायची, परत येऊन बटाटे खणायची, आणि सासूचे टोमणे रात्रीच्या सूपबरोबर गिळायची. शेवटी अदेलिनो झाला. बारसं झालं. आई म्हणाली, "जा, दगड ठेवून ये." वहिनी शाल पांघरून गेली, खडकापाशी उभी राहिली आणि दगड तसाच खिशात घेऊन परत आली. तिला एक मुलगी हवी होती. दुसऱ्या ऑगस्टनंतर देऊ, म्हणाली. तो ऑगस्ट यायच्या आधीच दादा तिकडे परांचीवरून पडून गेला. दगड पिठाच्या डब्यात गेला.

त्यानंतरची वर्षं काय सांगायची? विधवेचे काळे कपडे अंगावर चढले ते उतरले नाहीत. ती एकटीने गुरं वाढवत राहिली. अदेलिनो लहान असताना खडकाखाली रस्त्यावर पोरंसोरं हे दगड टोपलीत घालून विकायची, बसमधून आलेले लोक पिशव्या भरभरून न्यायचे. खडक टकला दिसायला लागला होता. मग खडक जपायला जिओपार्क झालं. खडकावर लाकडी पायवाट आली, कठडा आला, एक लहानसं ऑफिस आलं आणि त्यात आमचा अदेलिनो बसला. खडकावर त्याचा जीव. पहाटे बर्फ पडलं की तो बायकोच्या आधी खडकाची चौकशी करायचा. युरोपभरातल्या अशा जागा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, कुठे ज्वालामुखी, कुठे दगड झालेली झाडं. दर काही वर्षांनी एकीची माणसं दुसरीची तपासणी करायला येतात. ती दुसऱ्या दिवशी यायची होती. म्हणून त्या रात्री त्याचा आवाज असा चढलेला.

"ठीक आहे," वहिनी म्हणाली. "परत ठेवून येते. होता तिथे."

"परतही ठेवता येत नाही, आई! कुठल्या खळग्यातला ते कुणाला ठाऊक? लोक पोस्टाने पाठवतात परत, पश्चात्ताप होऊन. ते आम्ही ऑफिसात पेटीत ठेवतो. खडकावर नाही."

"मला ठाऊक आहे खळगा."

"तू लग्न करून आलीस तेव्हाचा?"

"पेटीत ठेवायचा म्हणे," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "एक राहिला माझ्याकडे, म्हणून माझ्या सुनेचं एकही राहत नाही. आणि हा म्हणतो पेटीत."

"असं काही नसतं, आई," अदेलिनो हळूच म्हणाला. तो जेवला नाही.

सकाळी डोंगरावर धुकं होतं. वहिनीने शाल घेतली तेव्हाच मी ओळखलं आणि मागोमाग गेले. ती पायवाटेच्या कठड्याखालून वाकून खडकावर उतरली, या वयात, गुडघे असे असताना. मी हाका मारल्या, पण तिला बोलायचं नव्हतं. आईचा नियम. ती खडकावर ओणवी होऊन एकेका खळग्यात दगड घालून बघू लागली. एकात बसेना. दुसऱ्यात हलायचा. इतक्या वर्षांच्या पावसाने खळग्यांच्या कडा उतरून गेलेल्या. तिने शाल काढून एक खळगा पुसला, पुन्हा घालून पाहिला, पुन्हा काढला.

धुक्यातून माणसं आली. तपासणीचे दोघे: एक ग्रीक बेटावरचे गृहस्थ, एक फिनलंडची उंच बाई. आणि त्यांच्यापुढे इस्त्रीचा शर्ट घातलेला अदेलिनो.

फिनलंडच्या बाईने विचारलं, "त्या कोण?"

अदेलिनोने आईकडे बघितलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते.

"कुणीतरी पर्यटक आहेत," तो म्हणाला. मग मोठ्याने, रोज परक्यांना सांगतो त्याच सुरात, "बाई, कृपा करून कठड्याच्या आत या. खडकावर जायला मनाई आहे. हातात आहे ते इकडे द्या."

वहिनी उठली. ग्रीक गृहस्थांनी तिला वर यायला हात दिला, अदेलिनोने नाही. त्याने फक्त तळहात पुढे केला. तिने दगड त्यावर ठेवला, एक अक्षर न बोलता. शाल खडकावरच राहिली.

घरी येताना मी म्हटलं, "वहिनी, घाबरला गं तो."

"लहानपणी गुरांना घाबरायचा," ती म्हणाली. "तेव्हा माझ्या मागे लपायचा."

सेलियाला मीच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

संध्याकाळी अदेलिनो आला. तपासणी छान झाली होती, ते त्याने सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं. आईची शाल घडी करून त्याने खुर्चीवर ठेवली आणि सूप उभ्यानेच प्यायला लागला. तेवढ्यात सेलिया बाहेर आली. किती दिवसांनी.

"दगड कुठाय?"

"ऑफिसात. पेटीत."

"मला हवाय."

"तुझा तर विश्वास नाही त्याच्यावर."

"नाहीच." तिने टेबलाची कड धरली. "हॉस्पिटलात माझ्या हातात काही दिलं नाही, अदेलिनो. द्यायला काही नव्हतंच म्हणाले. एकाही वेळेस नव्हतं. पुरायला नाही, बघायला नाही. घरी आले, उशीखाली हात गेला, तर तो होता. रात्रभर मुठीत ठेवला. ऊब धरतो तो. पोटातला जीव तेवढाच असतो, बरोबर तेवढाच."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं.

"आणून दे," सेलिया म्हणाली.

"नोंद झाली, सेलिया. त्यांच्यासमोर झाली. आज तुला दिला तर उद्या कुणाला नाही म्हणू?" त्याने वाडग्यातून मान वर केली नाही. "तो खडकाचा आहे. आपला नाही."

"मग आपलं काय आहे?"

वाडगा ठेवून तो खाली बसला आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता सेलिया त्याच्यापाशी जाईल. ती जागची हलली नाही. वहिनीही गेली नाही. तिने खुर्चीवरची शाल उचलली आणि सुनेच्या खांद्यांवर घातली. मग चुलीतला विस्तव सारखा केला, हात पुसले आणि आमच्याकडे वळली.

"सेलिया शनिवारच्या बसने पोर्तोला तिच्या बहिणीकडे जाईल," ती म्हणाली. "मी पोचवायला जाणार. परत कधी येणार, हे तिला कुणी विचारायचं नाही. आणि बाळासाठी चुना मारून ठेवलीय ती लहान खोली, तिच्यात उद्यापासून बटाटे ठेवायचे."