घोडा चालवायची परवानगी

रंगाऱ्यांचा घोडा म्हणजे वरून जोडलेली, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली उंच लाकडी शिडी. हा घोडा दाणापाणी मागत नाही, पण लाथ मारायची तेव्हा मारतोच. साधा रंगारी भिंतीचा एक पट्टा संपला की खाली उतरतो, घोडा सरकवतो, पुन्हा चढतो. आपला गडी तसा नव्हता. एक तंगडी इकडे, एक तिकडे टाकून तो वर उभा राहायचा आणि कमरेला हिसके देत घोड्यालाच भिंतीकडेने चालवायचा. सकाळी चढला की जेवायलाच खाली. सगळे त्याला 'स्वार' म्हणायचे आणि तो ते ऐकून फुगायचा.

आठ महिन्यांपूर्वी घोड्याचा एक पाय फरशीच्या कडेला अडला. घोडा थांबला, स्वार पडला. पायरीत अडकलेला उजवा गुडघा पिरगळला आणि कट् असा आवाज खाली पुट्टी घासणाऱ्यालाही ऐकू आला. लिगामेंट तुटलं होतं. मग ऑपरेशन, पट्टा, कुबड्या आणि रोजचा व्यायाम. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, पण याची मुंगी वाटेत कुठेतरी जेवायला बसली असावी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो मांडी आवळायचा आणि बायको शेजारी बसून आकडे मोजायची. उजवी मांडी अजून डावीपेक्षा बारीक होती. जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचा; बायको बघतेय असं वाटलं की तेवढ्यापुरता ऐटीत उतरायचा.

त्यात मुकादमाचा फोन आला. "सोमवारपासून सभागृहाचं छत. येणार असशील तर सांग, नाहीतर दुसरा बघतो."

शनिवारी दोघं डॉक्टरांकडे गेले. बाहेर रांग होती, डॉक्टर घाईत होते. त्यांनी गुडघा दाबला, पोटरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "छान! आता घोड्यावर बसायला हरकत नाही. पण दोन महिने नुसता चालवायचा, पळवायचा नाही. आणि लगाम घट्ट धरा, काय!"

"बरं, साहेब," म्हणून स्वार इतक्या झटकन उठला की फाईल उचलायची राहिली. ती बायकोने घेतली.

बाहेर येताच त्याने मुकादमाला फोन लावला. "सोमवारी येतो. डॉक्टरांनी घोडा चालवायला परवानगी दिलीय."

बायको लाँड्रीच्या काउंटरवर बसते. कागद वाचल्याशिवाय हातावेगळा करायचा नाही, ही तिची सवय. शिवाय तो लगाम तिला खटकत होता. तिने फाईलचं पहिलं पान काढलं. अपघाताचं कारण: घोडेस्वारी करताना पडणे.

"अहो, हे वाचा! त्यांना वाटतंय तुम्ही खऱ्याखुऱ्या घोड्यावरून पडलात."

त्याने फाईल हातात घेतली नाही. भिंतीवरचा सुटलेला रंग तो नखाने खरवडत राहिला.

"लगाम म्हणाले तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"शिडी म्हटलं असतं, तर नाही म्हणाले असते ना."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "आणि पुन्हा पडलात तर?" उत्तराची वाट न बघता ती रांगेतल्या लोकांची माफी मागत आत शिरली. तोही मागे गेला.

सगळं ऐकून डॉक्टर ओशाळले. त्यांनी तपासणीच्या पलंगाजवळचं छोटं स्टूल पुढे ओढलं. "यावर उभे राहा. डावा पाय हळूहळू खाली न्या. भार सगळा उजव्यावर."

डावा पाय अर्ध्यावर आला आणि उजवा गुडघा आत वळून लटलट कापायला लागला. स्वाराने बायकोचा खांदा पकडला.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "खरा घोडा तुम्हाला पेलतो. शिडीवर तुम्हाला गुडघ्यानेच पेलावं लागतं. अजून तीन महिने चढायचं नाही. आणि वर उभं राहून ती चालवणं, ते तर आता कायमचं बंद."

बाहेर आल्यावर त्याने स्वतःच पुन्हा मुकादमाला फोन केला. "छताला दुसरा बघा. मला जमणार नाही. जमिनीवरचं काही असेल तर सांगा." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "हो, हसतील. हसू देत."

बायको जवळ आली. "काय म्हणाले?"

"रंगवायला दारं आहेत. बावीस." त्याने फोन खिशात टाकला, तरी जागचा हलला नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि कुठल्याही उंचीबद्दल त्याच्या तोंडून तिने कधी भीतीचा ब्रसुद्धा ऐकला नव्हता.

"एक सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "डॉक्टर नाही म्हणाले ना, तेव्हा मला हायसं वाटलं गं."