होडीच्या रंगाचं जेट

मिरकरवाडा बंदरात जाळी शिवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेत शिकवून परतताना रोज दिसायचा. मासळीच्या फुटक्या थर्माकोल पेट्या सुरीने कोरून तो रिमोटवर उडणारं जेट बनवत होता. पहिल्या जेटला त्याने होडीचा रंग लावला आणि रंगातल्या थिनरने थर्माकोल विरघळून गेला. सगळं बंदर हसलं; मीही हसलो.

तो दुसरी पेटी घेऊन बसला. या वेळी आधी खळीने वर्तमानपत्राचे तीन थर चिकटवले आणि वर तोच रंग लावला. मुद्दाम.

गावाबाहेरच्या कातळावर जेट उडालं, तशा दोन घारी त्याच्यावर झेपावल्या.

"खाली घ्या, फाडतील!" मी ओरडलो.

त्याने ते आणखी वर चढवलं.

"आभाळ त्यांच्या बापाचं नाय, गुरुजी."