गुरूवरचा ठिपका आणि आठचं ताट

आमचे हे, म्हणजे गुणवंत सोनटक्के, केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि फरीदाबादच्या आमच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण आली. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की स्वारी लॅपटॉप घेऊन वर. गुरू ग्रहाचं दोन-दोन मिनिटांचं चित्रण करायचं, मग त्यातली हजारो चित्रं एकावर एक रचून एक फोटो. खाली तारीख आणि वेळ, अगदी मिनिटासकट. गुरू इतका भराभर फिरतो म्हणे, की वेळ चुकली तर फोटो वाया. दिल्लीतल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर यांच्या वेळेला कोणी आव्हान देत नाही. मला मात्र या माणसाला आठला जेवायला बसवता येत नव्हतं. साखर आहे हो अंगात! आठची गोळी, वर लगेच जेवण, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण हे आपले सव्वाआठशिवाय खाली उतरतील तर शपथ.

मार्चमधल्या एका सकाळी उल्काचा फोन आला. दिल्लीच्या मुनिरकात खोली घेऊन राहणारी, संशोधन करणारी पोरगी, दुर्बिणीचे धडे यांच्याकडेच गिरवलेली. आवाज रडवेला होता.

"काका, काल सात छप्पनला गुरूवर एक ठिपका चमकला. सेकंदभरच. काहीतरी आदळलं त्याच्यावर! मी ग्रुपवर टाकलं, तर सगळे म्हणतायत धूळ असेल. एकाने तर लिहिलंय की मी कॉम्प्युटरवर बनवलंय. तुम्ही काल शूट करत होतात ना? प्लीज, बघा ना यार काका."

दुसऱ्या ठिकाणाहून तोच ठिपका दिसला तरच ती खरी, नाहीतर जन्मभर खोटारडी. यांनी लगेच सात छप्पनचं चित्रण लावलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग हळूहळू पुढे सरकवत पाहिलं. गुरू आपला थरथरत राहिला, ठिपका कुठेच नाही.

"नाहीये," हे म्हणाले. चेहरा उतरला होता. "विजया, पोरीला धूळच दिसली असणार. मला लिहावं लागेल तसं."

"नका ना लिहू. गप्प बसा."

"विचारलंय तिने. खोटं कसं बोलू?"

ते फोनवर टाइप करायला लागले आणि मी हातातली कणीक तशीच टाकून यांच्याजवळ आले. कारण यांचं घड्याळ खोटं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

आमची लेक मैत्रेयी शाळेत असताना तिची बस चुकू नये म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची. तीच युक्ती मी संक्रांतीला यांच्या लॅपटॉपवर केली. तो इंटरनेटला जोडत नाहीत, मनगटावर घड्याळ नाही, फोन खालीच ठेवतात. तेव्हापासून स्वारी वेळेवर जेवायला! मी मनात खूश होते, मेली.

सांगितलं तर दोन महिन्यांची यांची मेहनत चुकीची ठरणार होती. नाही सांगितलं तर ती पोर बुडणार होती. यांचा अंगठा पाठवायच्या बटणावर गेला.

"अहो, थांबा! लॅपटॉपचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मी केलंय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग फोन लॅपटॉपशेजारी धरला. फोनवर नऊ वीस, लॅपटॉपवर साडेनऊ.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. तुमच्या गोळीसाठी हो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. खरे सात छप्पन म्हणजे लॅपटॉपचे आठ-सहा; यांनी नुसतं आठ-पाचला सुरू झालेलं चित्रण उघडलं, कालचं शेवटचं. काल ते घेतलं जात असताना मी जिन्यातून हाका मारत होते आणि हे पडद्याकडे पाठ करून खुर्ची आवरत होते. एक मिनिट गेलं, काही नाही. मी देवाचं नाव घेत होते. आणि गुरूच्या कडेजवळ एक पांढरा ठिपका उमटला, फुलला, विझला. उल्काच्या फोटोत होता त्याच जागी.

"दिसला!" मी ओरडले. हे डोळे पुसत होते.

यांनी ग्रुपवर लिहिलेलं मी खांद्यावरून वाचलं. 'उल्का सही है. वीडियो भेज रहा हूँ. संक्रांति से मेरे लैपटॉप की घड़ी दस मिनट आगे थी. गलती मेरी है.'

"तुमची कशी चूक? माझं नाव लिहा की!"

"घड्याळ तपासणं माझं काम होतं," एवढंच म्हणाले आणि जुन्या फोटोंच्या वेळा एकेक करून दुरुस्त करायला बसले.

त्या संध्याकाळी मी हाक मारली नाही. बरोबर आठला गोळी, पाण्याचा तांब्या आणि वाढलेलं ताट घेऊन गच्चीवर गेले.