न धुतलेले लंगोट

मावशी प्रत्येक लंगोट पाण्यात टाकण्याआधी उलगडायच्या, खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या आणि हुंगायच्या. अगदी नाक जवळ नेऊन. पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि मी न्हाणीघराच्या दारातूनच मागे फिरले. हातातलं दूध मोरीत ओतून दिलं.

तीस वर्षं त्या एका इस्पितळाच्या धुलाईखोलीत होत्या. आता घरोघरी बाळंतिणींचं धुणं धुतात. सोड्याने बोटांची टोकं चिरलेली, दोन नखं कायमची गेलेली, अंगाला साबणाचा आणि आंबलेल्या दुधाचा मिळून एक वास. काम संपलं की ओट्याशी चहा घेता घेता बातम्या द्यायच्या.

"आज पाच. दोन फेसाळ, एक हिरवट. हिरव्याला घाबरू नका."

"मावशी, मी जेवतेय."

"मग जेवा की. मी कुठे ताटात वाढलंय?"

सासूबाई तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी मात्र ताट बाजूला सारायची. बाळांच्या आजारांवरची दोन पुस्तकं माझ्या उशाशी होती. नाळ ओली दिसली, डोळ्याला चिपडं आली, गालावर पुरळ उठलं, की मी पान काढून वाचत बसायची. लंगोट बदलताना मात्र श्वास रोखायचा, मान फिरवायची, गुंडाळी करून बादलीत टाकायची. पुस्तकातली शी मला चालत होती.

मुलगी तिसऱ्या दिवशी पिवळी दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच बाळांना होतं, आपोआप जाईल. तीन आठवडे झाले तरी डोळे पिवळेच, म्हणून पुन्हा नेली. "दूध पितेय ना? वजन वाढतंय ना? मग कोवळं ऊन दाखवा," म्हणाले. लंगोट त्यांनी सोडून पाहिला नाही. मीही दाखवला नाही.

त्याच आठवड्यात न्हाणीघरात घाण सुटली. बुधवारी दारामागे झाकण लावलेली बादली सापडली. आत तीन दिवसांचे लंगोट, न धुतलेले, कडेने चिकटलेले. कामचुकार बाई, म्हणत मी बादलीत फिनेल ओतलं, वर कढत पाणी ओतलं आणि काठीने ढवळून काढलं.

मावशी आल्या, बादलीत डोकावल्या आणि काठीने एक लंगोट वर उचलला.

"ताई, काय केलंत हे? डॉक्टरांना दाखवायला ठेवले होते."

"शी दाखवायला? तुम्हाला जराही किळस येत नाही?"

"रंग उतरत चाललाय, ताई. रविवारी लिंबासारखा, सोमवारी पिठासारखा, काल खडू. वर लघवीचे पिवळेजर्द डाग. एवढ्याशा जिवाच्या लघवीचा असा डाग पडत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगायला आले. तुम्ही नाकाला रुमाल लावून आत गेलात."

गेले होते खरी.

"इस्पितळात असेच पांढरे लंगोट यायचे, एकाच खाटेवरचे," मावशी म्हणाल्या. "मोठ्या नर्सबाईंना सांगायला गेले. म्हणाल्या, तुझं काम धुणं. आले परत, धुतले."

"त्या बाळाचं काय झालं?"

"लंगोट यायचे थांबले."

मग आम्ही सगळे मुलीच्या शीची वाट बघत बसलो. नवरा ऑफिसला गेला नाही. दुपारी तीनला ती झाली. मी पहिल्यांदा लंगोट उलगडून उजेडाकडे धरला. ओल्या खडूसारखा रंग. मावशींनी तो ठेवायला माझा जेवणाचा डबा उचलला. मी झाकण शोधून दिलं.

दवाखान्यात डबा उघडताच डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "अहो, फोटो काढून आणायचा ना!"

"फोटोत रंग फसवतो," मावशी म्हणाल्या. "बघा तरी."

नाक मुरडून त्यांनी पाहिलं. मग खुर्ची पुढे घेतली, मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि बरगडीखाली चाचपून पाहिलं. मला त्या क्षणी त्यांचीही किळस आली आणि माझीही. त्याच संध्याकाळी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी मोठं इस्पितळ. पित्ताची वाट बंद होती; शीला रंग देणारं पित्तच आतड्यात उतरत नव्हतं. दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. आणखी महिनाभर ऊन दाखवत बसला असता तर यकृत हातचं गेलं असतं, असं तिथल्या सर्जनबाई म्हणाल्या. पुढचं अजूनही कुणी छातीठोक सांगत नाही.

ऑपरेशननंतर रोज पांढराच लंगोट. आठव्या दिवशी मावशी भेटायला आल्या होत्या. त्यांनीच तो सोडला, खिडकीशी नेला, हुंगला आणि माझ्यासमोर धरला.

"हिरवट आहे. धुऊ का?"

"थांबा," म्हणून मी नाक जवळ नेलं. घाणच वास होता.

"धुवा," मी म्हटलं.